तीन डॉलरची रेषा आणि मोलगीचा बाजार

२०२५ च्या जून महिन्यात जागतिक बँकेने गरिबीचे नवे आकडे जाहीर केले आणि प्रस्थापित प्रसारमाध्यमांना आनंदाचे भरते आले. २०११-१२ साली भारतात २७.१ टक्के लोक अतिगरीब होते, ते २०२२-२३ साली ५.३ टक्क्यांवर आले. संख्येत सांगायचे तर सुमारे ३४ कोटींवरून साडेसात कोटींवर. म्हणजे अकरा वर्षांत जवळपास २७ कोटी माणसे गरिबीतून बाहेर पडली. त्याच्या थोडे आधी, मे महिन्यात, नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी भारत जपानला मागे टाकून जगातील चौथी अर्थव्यवस्था झाल्याचे सांगितले होते. दुसऱ्या एका हिशेबाने तर भारत त्याच्याही पुढे, म्हणजे तिसरा आहे, आणि हे २०१४ सालीच जाहीर झालेले आहे.

हे आकडे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत रेशनचे धान्य, वीज, गॅस आणि बँकेचे खाते पुष्कळ घरांपर्यंत पोहोचले, हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले आहे की, कोणी माप पुढे केले की आधी त्या मापाची तपासणी करावी. दुकानदार तराजू धरतो तेव्हा काट्याकडे पाहणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. मग सबंध समाजाची गरिबी ज्या तराजूवर तोलली जाते, त्याच्या काट्याकडे आपण का पाहू नये?

तीन डॉलर म्हणजे किती रुपये?

जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा आता माणशी दररोज तीन डॉलर आहे. ही बातमी वाचताना शिकलेली माणसेही चटकन गुणाकार करतात. डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा धरला तर तीन डॉलरचे अडीचशे रुपये झाले. पाच माणसांच्या घराला दिवसाला साडेबाराशे. एवढे मिळत असतील तर मग तक्रार कसली, असा प्रश्न त्यांना पडतो.

ही समजूत साफ चुकीची आहे. बँकेचा तीन डॉलर हा बाजारातला डॉलर नाही, तो 'क्रयशक्ती समानते'चा डॉलर आहे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल आणि जेवढी सेवा मिळते, तेवढीच भारतात घ्यायला किती रुपये लागतात, हे पाहून तो ठरवतात. २०१७ सालच्या जागतिक पाहणीत हा दर २०.६५ रुपये निघाला. त्याच वर्षी बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता. म्हणजे या हिशेबाचा डॉलर बाजारातल्या डॉलरच्या एक तृतीयांशाहूनही लहान. या मापाने तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये नव्हेत, तर ढोबळमानाने साठ रुपयांच्या आसपास. माणशी दिवसाला साठ रुपयांत जेवण, कपडा, भाडे, औषध, मुलांच्या वह्या, मोबाईलचे रिचार्ज, सगळे. त्यापेक्षा एक रुपया जास्त खर्च करणारा माणूस या हिशेबात अतिगरीब राहत नाही.

आणखी एक आकडा त्याच अहवालात आहे, ज्याचा गाजावाजा झाला नाही. भारतासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी बँकेची दुसरी रेषा ४.२० डॉलरची आहे. त्या रेषेने मोजले तर भारतातील सुमारे २४ टक्के लोक गरीब ठरतात. दोन रेषांमधले अंतर माणशी दिवसाला साधारण पंचवीस रुपयांचे. एका पंचवीस रुपयांत ५ टक्क्यांचे २४ टक्के होतात! म्हणजे कोट्यवधी माणसे रेषेच्या वर गेली असली तरी रेषेला अगदी चिकटून उभी आहेत. एक आजारपण, एक कोरडा पावसाळा, आणि ती पुन्हा खाली.

हे माप आले कोठून?

देशादेशांच्या उत्पन्नाची तुलना बाजारातल्या विनिमय दराने केली तर ती फसवी होते, हे खरेच आहे. समजा, नंदुरबारात केस कापायला ऐंशी रुपये लागतात आणि न्यूयॉर्कमध्ये वीस डॉलर. कात्री तीच, कौशल्य तेच, वेळही तेवढाच. पण बाजाराच्या दराने आमच्या कारागिराचे काम एका डॉलरचेही भरत नाही. म्हणून दोन्ही देशांत एकसारख्या जिन्नसांची यादी करायची, बाजाराची एकच पिशवी दोन्हीकडे भरून पाहायची आणि तिच्या किमतीवरून पैशाची खरी ताकद ठरवायची, ही कल्पना पुढे आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कॅसल यांनी ती सिद्धान्ताच्या रूपात मांडली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम सुरू झाला. क्रॅव्हिस, हेस्टन आणि समर्स ही त्यामागची प्रमुख नावे. १९७० च्या भावांवर आधारलेल्या पहिल्या तुलनेत दहा देश होते, त्यांत भारत होता. आज हे काम जागतिक बँकेच्या देखरेखीखाली चालते, दीडशेहून अधिक देश त्यात आहेत, आणि भारतात भाव गोळा करण्याचे काम केंद्राचे सांख्यिकी खाते करते.

लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने १९८६ साली हीच गोष्ट गंमत म्हणून एका बर्गरवर आणून ठेवली. एका प्रसिद्ध अमेरिकन कंपनीचा बर्गर कोणत्या देशात कितीला मिळतो, त्यावरून चलनाची किंमत ताडायची. भारतात मात्र गोमांसाचा बर्गर नसल्याने कोंबडीच्या बर्गरचा भाव धरावा लागला. गंमतीतून सत्य बाहेर येते ते असे. पिशवी 'एकसारखी' म्हटली तरी ती एकसारखी नसते. माणूस काय खातो हे त्याचा समाज, त्याची जात, त्याचे सरकार ठरवते. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला आणि गरिबांच्या पिशवीतले एक स्वस्त, कसदार अन्न बाहेर काढले गेले. त्या जागी जी डाळ किंवा जे मटण घ्यायचे, त्याचा भाव कोणाच्या खात्यावर मांडला? कोणत्याच नाही.

तरीही हे माप टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. २०१७ च्या पाहणीत जगाच्या एकूण उत्पादनात भारताचा वाटा ६.७ टक्के निघाला. चीनचा १६.४ आणि अमेरिकेचा १६.३. आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. जगातील जवळपास १८ टक्के माणसे भारतात राहतात. १८ टक्के तोंडे आणि ६.७ टक्के उत्पादन! म्हणजे ज्या मापाने देश तिसरा ठरतो, त्याच मापाने सरासरी भारतीय माणूस जगाच्या सरासरीच्या चाळीस टक्क्यांपर्यंतही पोहोचत नाही. माप एकच आहे. ढोल बडवणारे त्यातला पहिला आकडा वाचतात आणि दुसरा गिळतात.

रुपयाचा प्रश्न आणि बाबासाहेब

रुपयाची खरी किंमत परदेशी चलनात नव्हे, तर तो घरच्या बाजारात काय विकत घेतो यात आहे, हा विचार आपल्याला नवा नाही. लंडनमध्ये डी. एस्‌सी. साठी लिहिलेला बाबासाहेबांचा 'दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी' हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दाखवून दिले की, विनिमय दर पडतो तो मुळात रुपयाची देशातली खरेदीची ताकद पडल्यामुळे, आणि म्हणून राज्यकर्त्यांनी केवळ पौंडाशी दर टिकविण्याचा अट्टाहास न धरता देशातले भाव स्थिर ठेवण्याकडे पाहिले पाहिजे. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्यातच काही मुद्द्यांवर मतभेदही नोंदविला. गुरूचे मत वेगळे म्हणून बाबासाहेबांनी आपले मत बदलले नाही. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तीही याच अभ्यासाच्या बळावर.

परंतु या ग्रंथातला जो मुद्दा आपल्या आजच्या विषयाला थेट भिडतो, तो वेगळाच आहे. त्या काळी रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, व्यापार भरभराटीला येतो, म्हणून स्वस्त रुपया देशाच्या हिताचा, असे व्यापारी वर्ग सांगत असे. बाबासाहेबांनी विचारले, हा नफा येतो कोठून? तो बाहेरच्या देशातून येत नाही. भाव चढतात, मजुरी त्या वेगाने चढत नाही, आणि मजुराच्या ताटातले काढून मालकाच्या गल्ल्यात पडते. देशाचा फायदा म्हणून जे दाखवितात, ती देशातल्या देशात एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे झालेली हलवाहलव असते.

शंभर वर्षांनंतर हा प्रश्न आपल्याला पुन्हा विचारायचा आहे. भारत स्वस्त आहे, म्हणून डॉलरच्या हिशेबात तो मोठा दिसतो. ठीक. पण ही स्वस्ताई येते कोठून?

स्वस्ताईची जात

अर्थशास्त्रज्ञ याचे उत्तर देतात. मोबाईल, पेट्रोल, औषधाच्या गोळ्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग, यांच्या किमती सगळ्या जगात फारशा वेगळ्या नसतात, कारण हा माल सीमा ओलांडतो. स्वस्त असते ते सीमा न ओलांडणारे काम. केस कापणे, कपडे धुणे, झाडलोट, घरकाम, हमाली, बांधकामावरची मजुरी, गटारसफाई. गरीब देशात ही कामे स्वस्त असतात म्हणून गरीब देशाची भावपातळी खाली राहते. १९६४ साली बलासा आणि सॅम्युएलसन या दोघांनी स्वतंत्रपणे हे मांडले.

शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण भारतात ही कामे कोण करतो? जातीने कामे नुसती वाटली नाहीत, काम करणाऱ्यांनाच कप्प्यांत बंद केले, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले आहे. ज्याला दुसरे काम करण्याची मुभा नाही, तो आपल्या श्रमाचा भाव कसा वाढवणार? बलुतेदारीत पसा-कुडव्यावर राबणारे हात आज रोखीवर राबतात, एवढाच फरक. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत हजार-दोन हजारात मिळणारी मोलकरीण, उकिरड्यावर कचरा वेचणारी बाई, गटारात उतरणारा सफाई कामगार, यांच्या कमी मजुरीचीच बेरीज करून 'भारतात राहणे स्वस्त आहे' हा आकडा तयार होतो. आणि तो आकडा उलटून जागतिक तक्त्यात 'भारताची मोठी अर्थव्यवस्था' म्हणून झळकतो. शोषणाला सांख्यिकीने घातलेला हा फेटा आहे.

याहून वाईट गोष्ट पुढची. सेवा स्वस्त असल्या तरी त्या विकत घेतो कोण? ज्याच्या घरी मोलकरीण आहे तो. मोलकरणीच्या घरी मोलकरीण नसते. गरिबाचा पैसा जातो मुख्यतः अन्नावर, आणि अन्न इतर वस्तूंच्या मानाने तेवढे स्वस्त नाही. संजय रेड्डी आणि थॉमस पोगे या दोन अभ्यासकांनी वीस वर्षांपूर्वीच हा आक्षेप घेतला होता की, गरीब जे घेतच नाहीत अशा जिन्नसांचे भाव सरासरीत मिसळून काढलेल्या दराने गरिबांची मोजदाद करणे चूक आहे. पुढे बँकेने आपल्या पद्धतीत सुधारणा केल्या, हेही सांगितले पाहिजे. पण माप किती नाजूक आहे, हे एका घटनेवरून कळावे. डिसेंबर २००७ मध्ये नव्या भावपाहणीचे निष्कर्ष आले आणि भारत-चीनच्या अर्थव्यवस्था आधीच्या अंदाजापेक्षा जवळपास चाळीस टक्क्यांनी लहान निघाल्या. चीनमधले भाव त्या वेळी फक्त अकरा शहरांतून आणि त्यांच्या परिसरातून घेतले होते. पुढच्या वर्षी बँकेने नव्या भावांनी जगातल्या गरिबांची पुन्हा मोजणी केली, तेव्हा आधी शंभर कोटींच्या आतबाहेर सांगितलेली संख्या १४० कोटींवर गेली. कोणाच्या घरातली चूल विझली नव्हती की पेटली नव्हती. बदलला होता तो फक्त तराजू.

मोलगीच्या बाजारात

आता हा तराजू घेऊन आमच्या नंदुरबार जिल्ह्यात या. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात आणि त्यांत आदिवासी ६९ टक्के. राज्याच्या मानव विकास अहवालात शेवटचा क्रमांक आमचाच. नीती आयोगाने २०२१ साली बहुआयामी गरिबी मोजली तेव्हा जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक, ५२ टक्के लोक गरीब निघाले. ही मोजणी भावांवर नव्हे, तर पोषण, शाळा, पाणी, शौचालय, घर यांवर केली जाते. पुढच्या पाहणीत हे प्रमाण बरेच उतरले, तरीही तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहिले. त्या वेळी सबंध महाराष्ट्राचा आकडा होता ७.८१ टक्के.

अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी किंवा अक्राणीतील धडगाव येथील आठवडे बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. पाड्यावरची बाई डोक्यावर मोहफुले, चारोळी किंवा आमचूर घेऊन डोंगर उतरते. ते विकते तेव्हा भाव व्यापारी सांगतो, माप व्यापाऱ्याचे असते, आणि संध्याकाळी परत डोंगर चढायचा असल्याने तिला घासाघीस करायला सवड नसते. मग त्याच पैशातून ती तेल, मीठ, साबण, चहा-साखर घेते, तेव्हाही भाव व्यापारीच सांगतो. तेल पाच-दहा रुपयांचे सुटे घ्यावे लागते. सुट्या मालाचा भाव डब्याच्या भावापेक्षा चढाच असतो. त्यात जीपचे भाडे. एकाच बाजारात, एकाच दिवशी, तिच्यासाठी दोन भावपातळ्या आहेत. जे विकते ते स्वस्त आणि जे घेते ते महाग. जागतिक तुलनेत मात्र या दोन्हींची एक सरासरी होते आणि तिला 'भारतातला भाव' म्हणतात.

उत्पादनाच्या हिशेबाचेही तसेच. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी गुजरातेत सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला किंवा सौराष्ट्रात कापसाच्या कामाला जाते. उत्पन्न जिथे निर्माण होते तिथेच मोजायचे, असा नियम आहे. म्हणून त्यांच्या घामाची साखर गुजरातच्या उत्पन्नात जमा होते आणि त्यांचे कुपोषित मूल नंदुरबारच्या आकड्यात राहते. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुव्यातील ३३ गावे बुडाली. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. वीज तयार झाली की ती राज्याच्या उत्पन्नात चढते. परंतु बुडालेले जंगल, नदीकाठची गाळाची जमीन, तिथला चारा आणि मासळी त्या उत्पन्नातून वजा होत नाही. घरातला स्वयंपाक, लेकरांची आणि म्हाताऱ्यांची सेवा तर उत्पादन म्हणून धरतच नाहीत.

देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली गावात वाटले गेले. शासनाला टेंभलीच्या माणसाचा अंगठा आणि डोळ्याची बुबुळे मोजता आली. टेंभलीच्या माणसाला मीठ-मिरची कितीला पडते, हे मोजावे असे मात्र कोणाला वाटले नाही.

कोर्टातला युक्तिवाद

आता हा विषय एखाद्या वकिलाने का मांडावा, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी थकीत मजुरीच्या एका प्रकरणात आम्ही मजुरांच्या बाजूने उभे होतो. समोरच्या विद्वान वकिलांनी एक वाक्य सहज टाकले, "साहेब, त्या भागात राहणीमानाचा खर्चच कमी आहे." वाक्य साधे होते. पण आम्ही चपापलो. जागतिक बँकेच्या जाडजूड अहवालात जे लिहिले आहे, तेच हे वाक्य होते, फक्त मालकाच्या तोंडचे.

या युक्तिवादाचे चक्र नीट पाहा. या भागात खर्च कमी, म्हणून मजुरी कमी दिली तरी चालते. मजुरी कमी, म्हणून माणसे कमी खातात, कमी खरेदी करतात. ती कमी खरेदी करतात, म्हणून पाहणीत खर्च कमी दिसतो. आणि खर्च कमी दिसतो, म्हणून पुन्हा मजुरी कमी. गरिबीचाच पुरावा करून गरिबी कायम ठेवायची! मनुस्मृतीने शूद्राला धनसंचयाचा अधिकार नाकारला होता, तो उघडउघड. इथे नाकारणारा कोणी दिसत नाही, फक्त एक कोष्टक दिसते.

आणि हे केवळ तोंडी युक्तिवादापुरते नाही. महाराष्ट्रात किमान वेतन ठरवताना राज्याची परिमंडळे पाडली गेली आहेत. मोठ्या शहरांना वरचे परिमंडळ, आमच्यासारख्या ग्रामीण भागाला खालचे. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली महाराष्ट्रात ३१२ रुपये, गुजरातेत २८८ आणि मध्य प्रदेशात २६१ होता. नर्मदेच्या अलीकडे-पलीकडे तिन्ही राज्ये एकमेकांना भिडतात. डोंगर एक, बोली एक, बाजार जवळपास एकच. मग नदी ओलांडली की श्रमाची किंमत एकावन्न रुपयांनी कशी उतरते? हे दर ज्या शेतमजूर निर्देशांकाला बांधले होते, तो २०२५ पर्यंत १९८६-८७ च्या पायावर चालत होता आणि त्यातली जिन्नसांची यादी १९८३ सालच्या पाहणीतली होती. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या पिशवीने आजच्या मजुराचा बाजार मोजला जात होता. त्या पिशवीत मोबाईल कोठून असणार?

आता वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ९ प्रमाणे केंद्र सरकारने किमान राहणीमान लक्षात घेऊन तळाचे वेतन ठरवायचे आहे आणि ते वेगवेगळ्या भौगोलिक क्षेत्रांसाठी वेगवेगळे ठरविण्याची मुभा आहे. धोका इथे आहे. क्षेत्रानुसार भाव मोजण्याचे शास्त्र नीट वापरले तर त्यातून न्याय होऊ शकतो. पण 'नंदुरबार, गडचिरोली स्वस्त आहेत' असे म्हणून ते वापरले, तर देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांना सर्वांत कमी तळ मिळेल, आणि तोही कायद्याने. हे सावध राहण्याचे दिवस आहेत.

कायद्याची परंपरा मात्र वेगळे सांगते. किमान वेतनाचे विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच १९४६ साली केंद्रीय कायदेमंडळात मांडले आणि १९४८ मध्ये कायदा झाला. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची पिशवी ठरवून दिली. कमावत्या माणसामागे तीन माणसांचे अन्न, प्रत्येकी २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ मध्ये रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी पंचवीस टक्के मिळविले. त्याआधी, १९८२ च्या एशियाड मजुरांच्या आणि १९८३ च्या संजित रॉय खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी आहे, मग ते दुष्काळी काम का असेना.

फरक लक्षात घ्या. जागतिक बँक विचारते, गरीब माणूस आज किती खर्च करतो? १९५७ ची परिषद विचारते, माणसाला माणसासारखे जगायला किती लागते? पहिला प्रश्न सवयीचा आहे, दुसरा हक्काचा. २०१९ साली केंद्र सरकारच्याच तज्ज्ञ समितीने दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेने जाऊन दिवसाला ३७५ रुपये राष्ट्रीय किमान वेतन असावे, अशी शिफारस केली. २०१७ साली केंद्राने ठरविलेला तळ होता १७६ रुपये. समितीचा आकडा कागदावरच राहिला.

आपण काय मागायचे?

बांधवहो, आकड्यांना शिव्या देऊन आपला प्रश्न सुटणार नाही. दादाभाई नौरोजींनी इंग्रजांच्याच आकड्यांनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले आणि तुरुंगातल्या कैद्याच्या पोटापाण्यावर सरकार त्याहून अधिक खर्च करते, हे दाखवून सरकारला निरुत्तर केले. बाबासाहेबांनी तर रुपयाचा सारा इतिहास उलटापालटा करून पाहिला. आपणही या मापाचा अभ्यास केला पाहिजे. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक, केंद्र सरकारने तळाचे वेतन ठरविताना १९५७ ची पिशवी आणि रेप्टाकॉस निकालातील वाढ हाच पाया धरावा. सध्याच्या खर्चाची सरासरी हा पाया नसावा. दोन, क्षेत्रानुसार वेगळे दर ठेवायचे असतील तर ते राष्ट्रीय तळाच्या वरच असावेत, खाली नव्हे. तीन, धडगाव, मोलगी, भामरागड, जव्हार अशा दुर्गम बाजारांत सुट्या मालाचे भाव नियमित गोळा करून जाहीर करावेत, आणि आदिवासी व दलित कुटुंबे प्रत्यक्ष जे घेतात त्या जिन्नसांची वेगळी यादी करावी. चार, रोजगार हमीच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जो १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला, त्यातील मजुरी राज्याच्या किमान वेतनापेक्षा कमी असू नये.

हे काम शासन आपणहून करील, अशा भ्रमात कोणी राहू नये. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी एक वही घ्यावी, दर आठवड्याच्या बाजारात जावे, तेल, मीठ, डाळ, साबण, जीपभाडे यांचा भाव लिहावा, आणि मोहफुले, मिरची कोणत्या भावाने उचलली गेली तेही समोरच्या रकान्यात लिहावे. बुद्धविहारात आणि आदिवासी संघटनांच्या बैठकीत ही वही वाचली जावी. वर्षभराच्या नोंदींची अशी वही कोर्टापुढे, वेतन सल्लागार मंडळापुढे ठेवता येते. "त्या भागात खर्चच कमी आहे" हे वाक्य पुन्हा कोणी उच्चारले, तर आमच्या हातात उत्तर असेल, तारीखवार.

जयभीम!